२१३ ग्रॅम : कुत्रीच्या खाण्यासाठी घेतलेल्या वजनकाट्याचे परीक्षण

गेल्या वर्षी मार्च महिन्यात दादर पश्चिमेला रानडे रस्त्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानातून मी स्वयंपाकघरात वापरायचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा साडेतीनशे रुपयांना घेतला. त्याची क्षमता पाच किलोंची आहे, तो एकेका ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याच्या मागे ‘व्यापारी वापरासाठी नाही’ अशी ओळ छापलेली आहे. असे काटे केक करणाऱ्यांसाठी किंवा आहार मोजून खाणाऱ्यांसाठी विकले जातात. आमच्या घरी तो आला तो जाई नावाच्या साडेपाच वर्षांच्या लॅब्राडोर कुत्रीसाठी, आणि गेले दहा महिने दिवसातून दोनदा वापरल्यानंतर त्याबद्दल सविस्तर लिहावे असे मला वाटते, कारण कुत्रा पाळणाऱ्या घरांत पट्टे, गाद्या, शांपू आणि खेळणी यांवर पुष्कळ खर्च होतो, पण ताटलीत नेमके किती पडते हे मोजण्याचे साधन मी फार थोड्या घरांत पाहिले आहे.

काटा घेण्याचे निमित्त जाईच्या वार्षिक लसीकरणाचे. दवाखान्यातल्या जमिनीलगतच्या काट्यावर तिचे वजन ३४ किलो भरले. डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, वरून कंबर पाहिली, बाजूने पोटाची रेषा पाहिली आणि तिच्या शरीरस्थितीला नऊपैकी सात गुण दिले. ही मोजणी परीक्षेतल्या गुणांसारखी नाही. चार किंवा पाच म्हणजे योग्य, त्याखाली कृश आणि त्यावर स्थूल, आणि पाचच्या वरचा प्रत्येक गुण साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजन दाखवतो. तिच्या हाडापेराला २८ किलो शोभतील, असे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारले, “तुम्ही तिला रोज किती खायला घालता?” मी उत्तर दिले, “तीन कप, म्हणजे ३०० ग्रॅम.” त्यांनी पुन्हा विचारले, “कपाने मोजता की काट्याने?”

तो कप खाद्याच्या मोठ्या पिशवीसोबत फुकट मिळालेला होता. पारदर्शक प्लॅस्टिकचा, एका बाजूला १०० ग्रॅमची रेघ असलेला. काटा घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी तो कप नेहमीच्या सवयीने दहा वेळा भरला आणि प्रत्येक वेळी आतले खाद्य तोलले. सर्वांत हलका कप ११२ ग्रॅमचा निघाला, सर्वांत जड १३९ ग्रॅमचा, आणि सरासरी १२८. माझ्या मुलाने भरलेले कप याहून वेगळे, आईने भरलेले आणखी वेगळे. दाणा गोल आहे की चपटा, पिशवी नुकतीच उघडली आहे की तळाचा चुरा कपात आला आहे, कप आपटून भरला की अलगद, यांपैकी कशानेही वजन बदलते. कप जागा मोजतो, वजन मोजत नाही. आणि दाण्यांच्या मधली पोकळी प्रत्येक वेळी तेवढीच राहत नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये शंभर श्वानपालकांना वेगवेगळ्या मापांनी सुके खाद्य मोजायला लावले, तेव्हा चुका ४८ टक्के कमीपासून १५२ टक्के जास्तीपर्यंत गेल्या, आणि मोजायचे खाद्य जितके थोडे तितकी चूक होण्याचा धोका अधिक होता. लहान जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांनी ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी, कारण पाच किलोंच्या कुत्र्याला वीस ग्रॅमही पुष्कळ होतात.

म्हणजे आम्ही ज्याला ३०० ग्रॅम समजत होतो ते सुमारे ३८४ ग्रॅम होते. आमच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी असे छापलेले आहे, तेव्हा केवळ खाद्यातूनच तिला जवळपास १,३८० किलोकॅलरी मिळत होत्या. त्यावर सकाळी तूप लावलेली एक पोळी, रात्री तशीच दुसरी, दीडशे मिलिलिटर दूध आणि फिरायला गेल्यावर मिळणारी चार ग्लुकोज बिस्किटे. ही बेरीज मी त्या रात्री पहिल्यांदा केली आणि ती १,८५० च्या आसपास गेली. जाई खादाड आहे असे आम्ही पाच वर्षे म्हणत आलो होतो. त्या वहीच्या पानावर मात्र सगळे आकडे आमच्या हातांनी घातलेल्या अन्नाचे होते.

तिला हवे किती, याचे गणित पशुवैद्यकशास्त्रात ठरलेले आहे आणि ते घरी करता येते. कुत्र्याच्या किलोतील वजनाचा पाऊण घात घ्यायचा आणि त्याला ७० ने गुणायचे. त्यातून नुसत्या विश्रांतीसाठी लागणारी रोजची ऊर्जा किलोकॅलरींत मिळते. पाऊण घात ऐकून घाबरण्याचे कारण नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर वजनाला त्याच वजनाने दोनदा गुणावे आणि आलेल्या संख्येचे लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढावे. २८ किलोंसाठी हे २१,९५२, मग सुमारे १४८, मग १२.१७ असे होते, आणि ७० ने गुणल्यावर उत्तर येते ८५२. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला रोजच्या हालचालींसकट याच्या सुमारे १.६ पट, नसबंदी न झालेल्याला १.८ पट, चार महिन्यांखालील पिलाला तिप्पट, असे ढोबळ गुणक आहेत. वजन उतरवायचे असेल तर सध्याच्या नव्हे, अपेक्षित वजनावर गणित करून एक पट, म्हणजे जाईच्या बाबतीत ८५२. त्यातील दहा टक्क्यांपर्यंत वरखाऊसाठी राखायचे आणि उरलेले ७६७ मुख्य खाद्यातून द्यायचे. ७६७ ला ३.६ ने भागले की २१३ ग्रॅम होतात. डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा हाच होता. पिशवीवर ऊर्जेचा आकडा नसेल, आणि भारतात मिळणाऱ्या अनेक पिशव्यांवर तो नसतो, तर प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ प्रत्येक ग्रॅमला साडेतीन आणि स्निग्धांश साडेआठ या हिशेबाने अंदाज काढता येतो. पिशवीवरचा वजनानुसार तक्ता ही मात्र केवळ सुरुवात समजावी. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज वीस ते तीस टक्क्यांनी कमी होऊ शकते आणि सोफ्यावर दुपार काढणाऱ्या शहरी कुत्र्याची आणखी कमी असते, हे त्या तक्त्याला ठाऊक नसते.

आता मूळ वस्तूकडे येते. काट्याचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे त्याचे शून्य करण्याचे बटण. जाईची स्टीलची ताटली काट्यावर ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि १०७ दिसेपर्यंत दाणे घालायचे, संध्याकाळी १०६. एकूण काम अर्ध्या मिनिटाचे आहे, कपापेक्षा फार तर दहा सेकंद जास्त. दूध-भात किंवा चिकन-भात देणाऱ्यांना तर हे बटण अधिकच उपयोगी पडेल, कारण एका पदार्थानंतर पुन्हा शून्य करून दुसरा पदार्थ त्याच भांड्यात तोलता येतो. अचूकता तपासण्यासाठी मी रोजच्या दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी वापरते. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे ५०० मिलिलिटर दूध सुमारे ५१५ ग्रॅम भरते आणि पिशवीचे दोन-तीन ग्रॅम वर. दहा महिन्यांत माझ्या काट्याने या अपेक्षेपासून दोन-तीन ग्रॅमपेक्षा अधिक फरक दाखवलेला नाही. कुत्र्याच्या खाण्यासाठी इतकी अचूकता पुरेशी आहे.

दोष आहेत, आणि ते विकत घेण्याआधी माहीत असावेत. पहिला आणि सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे हा काटा दोन मिनिटे हालचाल झाली नाही की आपोआप बंद होतो. मध्येच दाराची बेल वाजली आणि परत येऊन तो चालू केला, की ताटलीतले दाणेही शून्यात धरले जातात आणि सगळे ओतून पुन्हा सुरुवात करावी लागते. दुसरा, एकक बदलण्याचे बटण शून्याच्या बटणाला इतके चिकटून आहे की ओल्या हाताने चुकीचे बटण दाबले जाते आणि ग्रॅमऐवजी औंस दिसू लागतात. एकदा आईने या गोंधळात आकडा जुळेना म्हणून ताटली काठोकाठ भरली होती. मी आता त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. तिसरा, रुंद ताटलीची कड आकड्यांवर येते आणि वाकून पाहावे लागते. ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी हे काम करतात त्यांनी आकड्यांची पट्टी तबकापासून बरीच पुढे असलेला नमुना निवडावा. चौथा, दाणे एकेक करून टाकले तर काटा ते मोजतच नाही, कारण फार सूक्ष्म वाढ तो स्वतःच शून्यात जमा करतो. शेवटचे चार-पाच ग्रॅम चिमटीने एकदम टाकावेत. त्याच कारणाने एक बिस्किट तोलू नये. दहा तोलून दहाने भागावे. सेल उतरत आले की आकडा स्थिर राहत नाही, आणि डोक्यावर पंखा जोरात चालू असेल तरीही एक-दोन ग्रॅम हलतो. काटा सपाट, कडक ओट्यावर ठेवावा, कापडावर ठेवू नये.

मुंबईच्या पावसाळ्याने एक वेगळीच अडचण पुढे आणली. जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की उघड्या पिशवीतले दाणे आठवड्यात मऊ पडतात, आणि ओलावा शोषलेल्या दाण्यांचे वजन वाढले तरी त्यातले पोषण वाढत नाही. तो फरक किरकोळ असतो, परंतु बुरशीचा धोका किरकोळ नसतो. आम्ही मोठी पिशवी घेणे थांबवले, महिन्याभरात संपेल एवढीच आणतो, आणि खाद्य मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. पिशवी फेकून दाणे थेट डब्यात ओतले तर उत्पादनाची तारीख आणि ऊर्जेचा आकडा दोन्ही हरवतात, आणि जुन्या दाण्यांचे तेल डब्याच्या कडांना चिकटून खवट होते.

काट्याला न दिसणारे खाणे हा खरा कठीण भाग आहे. पहिल्या दोन महिन्यांत जाई ३४ वरून ३२ वर आली, आणि जुलैमध्ये तीन आठवडे काटा एकाच जागी थांबला. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के उतार सुरक्षित मानला जातो, आणि आमचा उतार तर शून्यावर आला होता. ताटली बरोबर होती; मग आम्ही आठ दिवस घरातल्या प्रत्येकाने जे जे दिले ते वहीत लिहायचे ठरवले. पावसामुळे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची सकाळची फेरी बंद होती, त्यामुळे बिस्किटे बंद झाली असावीत अशी माझी समजूत होती, पण इमारतीच्या जिन्यात वर-खाली करताना तीन मजल्यांवरची मायाळू माणसे तिच्यासाठी काहीतरी राखून ठेवत होती. आणि आई रात्री अर्धी पोळी देत होती. “अगं, अर्धीच तर दिली. तोंडाकडे बघत बसते ती माझ्या, घास उतरत नाही घशाखाली,” आई म्हणाली. तिच्या लहानपणी कोकणातल्या घरी जेवणाआधी कुत्र्यासाठी भाकरीचा तुकडा काढून ठेवला जाई, आणि दारातले जनावर उपाशी असताना आपण जेवणे तिला आजही जमत नाही. या मायेचा मला आदर आहे. म्हणून मी तिला आकडाच दाखवला. तूप लावलेली पोळी सुमारे १४५ किलोकॅलरींची, म्हणजे अर्धी पोळी ७२. जाईचा दिवसभराचा वरखाऊचा वाटा ८५ चा. माणसाच्या दोन हजारांच्या दिवसात अर्धी पोळी दिसतही नाही, तिच्या दिवसाचा मात्र तो बारावा भाग आहे. त्यानंतर आईनेच उपाय काढला. ती आता काकडीचे आणि उकडलेल्या फरसबीचे तुकडे घेऊन जेवायला बसते, आणि जाई ते तितक्याच आनंदाने खाते. जिन्यातल्या शेजाऱ्यांना आम्ही जाईच्याच वाट्यातले वीस दाणे एका लहान डबीत देऊन ठेवतो.

या वहीमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी प्रमाणापेक्षाही गंभीर आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तिला कुणीतरी चमचाभर दिला होता, आणि त्यात बेदाणे होते. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर धोका सुरू होतो हे प्रत्येक कुत्र्यात वेगळे असते. त्या दिवशी काही झाले नाही. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ यांनाही तोच नियम लावावा, तेथे ग्रॅम मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

घरचे अन्न देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. तांदूळ शिजल्यावर वजनाने जवळपास तिप्पट होतो, म्हणून कच्चे तोलायचे की शिजवलेले हे एकदा ठरवून तेच पाळावे. आणि काटा प्रमाण सांगतो, पोषणाचा समतोल सांगत नाही. दूध-पोळी किंवा चिकन-भात ग्रॅमवर बरोबर आला तरी त्यात कॅल्शियम आणि इतर क्षार योग्य प्रमाणात असतीलच असे नाही, आणि त्यासाठी पशुवैद्याकडून पाककृती बसवून घ्यावी लागते. मोठ्या जातीचे पिल्लू वाढवणाऱ्यांनी तर हे टाळूच नये, कारण वाढीच्या वयात जादा ऊर्जा किंवा जादा कॅल्शियम मिळाल्यास हाडे आणि सांधे बिघडतात.

एवढ्या खटाटोपाची खरोखर गरज आहे का, असे मला कट्ट्यावर अनेकदा विचारले गेले. त्याचे उत्तर एका प्रदीर्घ प्रयोगात आहे. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्राडोर पिलांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षांचे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षांचे निघाले, शिवाय सांध्यांचे दुखणेही त्यांना उशिरा सुरू झाले. आणि जादा खाणारा गट फार लठ्ठ नव्हता. आपल्याकडे ज्याला ‘छान भरलेला’ म्हणतात तसाच होता. लॅब्राडोरची भूक हीदेखील नुसती सवय नाही. केंब्रिजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की पोट भरल्याची जाणीव मेंदूला देणाऱ्या साखळीतला एक जनुक साधारण चारांपैकी एका लॅब्राडोरमध्ये तुटका असतो. जाईत तो आहे की नाही हे आम्ही तपासलेले नाही, पण हे वाचल्यापासून ताटली चाटून झाल्यावर ती माझ्याकडे पाहते तेव्हा मी तिला हावरट म्हणत नाही. तिची भूक खरी असू शकते आणि तरीही तिचे खाणे पुरेसे झालेले असू शकते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समजून घेणे मला या सर्व काळात सर्वांत जड गेले. त्या भुकेसाठी आम्ही दाणे ताटलीऐवजी कोडे-खेळण्यात घालतो. तेच १०६ ग्रॅम मग दीड मिनिटाऐवजी पंधरा मिनिटे पुरतात.

काट्यासोबत हाताची तपासणी सोडू नये. आपली मूठ आवळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवावा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो फार बारीक आहे. हात पसरून पालथ्या पंजाच्या हाडांवरून बोट फिरवताना जसे लागते तसे लागले तर ठीक. तळव्याकडून चाचपल्यासारखे, हाडे शोधावी लागत असतील तर खाणे जास्त होत आहे. केसाळ जातींत डोळ्यांवर विश्वास ठेवूच नये. मी दर रविवारी हे करते आणि महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर नेते, कारण ३४ किलोंची कुत्री उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहणे माझ्या पाठीला झेपणारे नव्हते.

हा काटा कोणी घ्यावा? सुके खाद्य देणाऱ्या प्रत्येकाने, आणि लहान जातीचा कुत्रा असणाऱ्याने सर्वांत आधी. पाच किलोंची क्षमता आणि एक ग्रॅमची बारकाई पुरते, त्याहून महाग नमुन्यांतल्या मोबाइलशी जोडणाऱ्या सोयींची मला कधी गरज भासली नाही. शक्य असल्यास उशिरा बंद होणारा आणि बटणे दूर-दूर असलेला काटा दुकानातच चालवून पाहावा. फुकट मिळालेला कप मी फेकलेला नाही. तो पिशवीतून दाणे काढण्याच्या कामी येतो.

मागच्या आठवड्यात जाईचे वजन २८.४ किलो भरले आणि डॉक्टरांनी पाच गुण दिले. आता उतार थांबवायचा म्हणून खाद्य टप्प्याटप्प्याने वाढवायचे आहे. पहिल्या टप्प्यात २४० ग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा वजन, मग पुढचा आकडा. सकाळी मी ओट्याशी गेले तेव्हा आईने चष्मा लावून ताटली काट्यावर ठेवलेली होती, आणि वहीत २१३ वर रेघ मारून पुढे तिच्या अक्षरात लिहिले होते : सकाळी १२०, संध्याकाळी १२०.